कार्तिकातला परवाना

१

शुक्रवारी सकाळी मी सतरा नंबरचा रुमाल सोडला आणि त्यात सारंग्यांचा परवाना नव्हता.

जुने मोडी कागद कापडात बांधून ठेवतात. त्या गाठोड्याला दप्तरात रुमाल म्हणतात. साताऱ्याच्या आमच्या लहानशा इतिहास मंडळात असे बावन्न रुमाल होते आणि मी त्यांचा मानद चिटणीस होतो. सतराव्या रुमालात एकसष्ट कागद असायचे. मी तीन वेळा मोजले, साठ भरले. माझ्या मोजण्यावर माझा फारसा विश्वास नाही, म्हणून जोतीरामला मोजायला सांगितले.

"साठ," तो म्हणाला. "कुठला न्हाई, मास्तर?"

"गलबताचा."

जोतीराम मंडळाचा शिपाई. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला जाऊन आलेला, सहा फुटी. वरच्या फळीवरचे पुस्तक स्टुलाशिवाय काढायचा. त्याला बाळबोध लिपी लिहिता-वाचता येई, मोडी येत नसे.

ही १९४५ सालची गोष्ट. संक्रांत होऊन पाच दिवस झाले होते. सोमवारी पुण्याहून फोटोग्राफर येणार होता. माझ्या पुस्तकात त्या परवान्याचे चित्र जायचे होते.

दहा वाजता मंडळाचे अध्यक्ष मानसिंगराव आले. लष्करातून सुभेदार होऊन परतलेले, कृष्णाकाठी उसाची जमीन असलेले गृहस्थ. त्यांनी उभ्यानेच विचारले, "किल्ल्या कुणाकडं असतात?"

"एक माझ्याकडे, एक जोतीरामकडे."

"तुम्ही तर चोरणार नाही."

इथे मी गप्प बसायला हवे होते. पण कोणी रोखून पाहिले की मला काहीतरी बोलावेसे वाटते, आणि जे बोलतो ते नेमके दुसऱ्याला नडते. मी म्हणालो, "जोतीराम हल्ली जरा अस्वस्थ असतो. त्याचा जावई भूमिगत आहे."

ही गोष्ट जोतीरामने मला एकट्याला सांगितली होती. त्या दिवसांत जिल्ह्यात दोन सरकारे होती, एक कचेरीत बसणारे आणि एक रानात हिंडणारे. रानातल्या माणसाचा ठावठिकाणा काढायला त्याचा सासरा पोलिसांच्या हाती लागला असता, तर त्याचे काय झाले असते हे मला ठाऊक होते. तरी मी बोललो.

"असं आहे होय," मानसिंगराव म्हणाले. "मग सोमवारी दहापर्यंत वाट बघतो. कागद जागेवर आला नाही तर जोतीरामला पोलिसांत देतो. बाकीचं ते काढतील."

बाहेर ओट्यावर केरसुणीचा आवाज चालला होता. तो मधेच थांबला.

२

माझ्या पुस्तकाचा विषय म्हणजे परवान्याची गलबते.

पूर्वी युरोपातल्या राजांना आरमार पुरे पडत नसे. मग ते एखाद्या खासगी जहाजवाल्याला कागद लिहून देत: अमुक शत्रूची जहाजे धर, ती आमच्या बंदरात आण, आमच्या न्यायासनापुढे ठेव, आमचा वाटा दे, उरेल ते तुझे. असा कागद ज्याच्याजवळ तो लढवय्या. ज्याच्याजवळ नाही तो चाचा, म्हणजे दर्यावरचा लुटारू, आणि चाच्याला फास. इंग्रज, फ्रेंच, डच, सगळ्यांनी हा उद्योग केला. मॉरिशसहून निघालेली फ्रेंच गलबते थेट बंगालच्या उपसागरात येऊन कंपनीची जहाजे धरीत. पुढे १८५६ साली पॅरिसला बऱ्याच राष्ट्रांनी मिळून ही चाल बंद केली.

त्या कागदात तारखेला फार मोल. परवाना मिळायच्या एक दिवस आधी जहाज धरले, किंवा तह झाल्यावर एक दिवसाने धरले, तर माणूस तोच, तोफ तीच, पण कर्म चोरीचे. मी तीस वर्षे हे वाचत आलो. समुद्र मात्र दोनदाच पाहिला, दोन्ही वेळा लांबून.

असा परवाना आपल्याकडेही कुणाला दिला गेला असेल का, हे मी शोधत होतो. १९३७ साली सांगलीजवळच्या सारंगवाडीचे यशवंतराव सारंगे आपले घरचे कागद घेऊन आले. त्यांच्या पूर्वजाने, बहिर्जी सारंग्याने, दर्यावर चाकरी करून ही समुद्रापासून लांबची जमीन इनाम मिळवली होती. कागदांत परवाना निघाला. फिरंग्यांची, म्हणजे पोर्तुगिजांची, जहाजे धरावीत म्हणून बहिर्जीला दिलेला, कार्तिक महिन्यातला. मी कागद मंडळात ठेवून घेतले आणि पावती दिली: ठेव म्हणून ठेवले, मागाल तेव्हा परत.

बहिर्जीने फिरंग्यांचे एक जहाज फेब्रुवारी १७४० मध्ये धरले होते. इंग्रजांच्या वखारीतल्या पत्रात तसे आहे. परवान्याचे साल मी लावले ते निघाले नोव्हेंबर १७४०. म्हणजे आधी लूट आणि नऊ महिन्यांनी परवाना. १९३८ च्या मे महिन्यात सांगलीला विश्रामबागेत कॉलेजच्या मुलांपुढे मी हे सांगितले. "थोडक्यात," मी म्हणालो, "बहिर्जीने आधी चोरी केली आणि मग चोरीचा दाखला आणला." मुले हसली. माझ्या भाषणात कोणी हसण्याची ती पहिलीच वेळ. मला ते आवडले, म्हणून मी कागदात नसलेली आणखी दोन वाक्ये जोडली.

यशवंतराव पहिल्या रांगेत बसले होते. नवा पटका बांधून आले होते. भाषण संपल्यावर ते न भेटताच गेले, आणि मला हायसे वाटले.

त्या भाषणानंतर मला थोडी पत्रे येऊ लागली. कोणी चूक दाखवली की मला चार दिवस अन्न गोड लागत नाही. म्हणून अनोळखी अक्षराची पाकिटे मी टेबलाच्या खालच्या खणात टाकतो, पुढे सवडीने फोडू म्हणून. तशी सवड मला अजून मिळाली नव्हती.

३

रुमाल मी बुधवारी शेवटचा पाहिला होता, तेव्हा परवाना होता. म्हणजे गेला तो गुरुवारी. मंडळात येणाऱ्यांच्या नोंदवहीत गुरुवारच्या पानावर जोतीरामच्या अक्षरात दोनच ओळी होत्या.

तात्याबा, शिरवळ.
लालासाहेब यशवंतराव सारंगे व मंडळी, सारंगवाडी.

गुरुवारी मी मंडळातच होतो. पण वाचनाची खोली दुपारभर मोकळी नव्हती, म्हणून मागच्या ओट्यावर पुस्तकाची प्रुफे तपासत बसलो. आत कोण आले, कोण गेले, मला सांगता येईना.

तात्याबा जुन्या तलवारी, नाणी, कागद विकत घेऊन साहेबलोकांना विकायचा. तो शुक्रवारी दुपारी मोटारस्टँडजवळच्या हॉटेलात चहा पीत सापडला. मी त्याच्यासमोर बसलो आणि पुढे काय बोलावे ते सुचेना.

"मास्तर, आळ घ्यायला आलाय व्हय माज्यावर?" तोच म्हणाला.

"छे, छे."

"मग थंडीचा घाम कशापायी फुटलाय? घ्या, च्या घ्या. काय गेलं?"

मी उत्तर न देता पिशवीतला एक मोडी कागद काढला आणि याला काय किंमत येईल, असे विचारले. त्याने कागद हातात घेतला, अंगठ्याने शिक्का चाचपला, उजेडात धरला.

"शिक्का ठसठशीत हाय. पण बारका. मोठा असला तर साहेब घेतो."

कागद त्याने उलटा धरला होता. अक्षरे डोक्यावर उभी होती आणि त्याला त्याचे काहीच वाटत नव्हते.

"मोडी येत नाही तुम्हाला?"

"कशाला यायला पायजे? साहेबाला तरी कुठं येती?"

मी चहा संपवून उठलो. सतराव्या रुमालात मोठ्या शिक्क्याचे निदान दहा कागद होते आणि सगळे जागेवर होते. परवान्याचा शिक्का लहान, पुसट. शिवाय उरलेले साठ कागद क्रमाने, घडीवर घडी ठेवून पुन्हा बांधलेले होते. चोराला मोडी वाचता येत होती आणि त्याला तोच एक कागद हवा होता.

मला वाटले, आता एकच माणूस उरला. तो मला मारील की काय, एवढीच भीती होती.

४

लालासाहेब सारंगे यशवंतरावांचा थोरला मुलगा. त्याचा मुलगा फौजेत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता, त्याच्या पगाराच्या कागदांसाठी तो साताऱ्यात साडूकडे उतरला होता. दारातच त्याने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

"घ्या, मास्तर. गोड बोला. मागल्या खेपेला लय कडू बोलला हुता."

मी तिळगूळ मुठीत धरून ठेवला. परवाना नाहीसा झाल्याचे सांगितले.

"गेला? झ्याक झालं."

"लालासाहेब, मला विचारावं लागतंय..."

"इचारा की. मीच घेतला का, आसंच न्हवं? आवं, मला घ्यायचा आसता तर तुमच्या म्होरनं घेतला आसता. आन् घेताना एक कानाखाली बी ठिवली आसती." तो हसला नाही. "ठावं हाय का तुमाला, तुमच्या भाषणानं काय झालं?"

मला ठाऊक नव्हते. त्याने सांगितले. सारंगवाडीला माघी पुनवेची जत्रा भरते. देवळात एक लाकडी गलबत आहे, हातभर लांब. ते पालखीच्या पुढे मिरवत न्यायचे आणि कृष्णेच्या पाण्यात सोडून परत आणायचे. उचलायचा मान दोनशे वर्षे सारंग्यांचा.

"कालिजातली पोरं सुट्टीला गावात आली आन् तुमचं बोलणं सांगत सुटली. पुढल्या जत्रंला पंच म्हणालं, चोराच्या हातानं देवाचं गलबत पाण्यात सोडायचं न्हाई. आण्णा पटका बांधून देवळाम्होरं हुबा हुता. तसाच मागं फिरला. त्या दिसापास्नं उंबऱ्याभाईर पडला न्हाई. दोन म्हयन्यांत गेला."

मी खाली बघत होतो. तिळगूळ हातात चिकट झाला होता.

"मग गुरुवारी मंडळात कशासाठी आलात?"

"घरात लकडा लावला हुता, एकदा तो कागद डोळ्यांनी बघू द्या म्हणून. मी इकडं येणारच हुतो. तुमच्यात सोडून सोल्जर बोर्डात गेलो, चार वाजता न्यायला आलो."

"तुम्ही मोडी वाचता?"

"मला काय येतंय? वाचणारं माणूस घरात हाय." त्याने दाराकडे पाहिले. "जावा आता. पाव्हण्याच्या घरात मला तोंड सोडायचं न्हाई."

घरातले वाचणारे माणूस म्हणजे कोणी कारकून असेल, असे मी गृहीत धरले. त्याचे नाव विचारायला परत फिरण्याचे धाडस झाले नाही.

मंडळात आलो तेव्हा जोतीराम माझ्या टेबलाशी उभा होता. त्याने खिशातून किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली.

"ही तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, मास्तर," तो म्हणाला. "सोमवारपातूर."

५

शनिवारी मी एकटाच वाचनाच्या खोलीत बसलो. माझ्या हातात काही नव्हते. तात्याबाला कागद ओळखता आला नसता, लालासाहेब खोटे बोलणारा वाटला नाही. मग जोतीरामच का, असे मन म्हणू लागले. मला स्वतःची किळस आली.

तेव्हा ती जंत्री दिसली.

जुन्या सालांवरून इंग्रजी साल काढायचे जाडजूड पुस्तक आमच्याकडे आहे. ते सदैव वरच्या फळीवर असते. आज ते खालच्या फळीवर आडवे होते. मी बुधवारी ते वापरले नव्हते. मला साले तोंडपाठ आहेत, असा माझा समज होता. उघडले तर एका पानाच्या बेचक्यात दोन तीळ अडकलेले. म्हणजे पुस्तक याच आठवड्यात कोणीतरी उघडले होते. पान होते सुहूर सन अकराशे चाळीसचे. परवान्याचे साल तेच.

मी विचार करू लागलो. लाज झाकायला कागद पळवणाऱ्याला त्याची तारीख तपासायचे काय कारण? विकायला पळवणाऱ्याला तरी काय? तारीख तो तपासतो, ज्याला ती चुकीची आहे असा संशय आहे.

मराठेशाहीच्या कागदांवरचे हे सुहूर साल जानेवारीत सुरू होत नाही. ते मृग नक्षत्राला, पेरणीच्या तोंडाशी सुरू होते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरच्या कागदाला इंग्रजी साल काढायचे तर पाचशे नव्याण्णव मिळवायचे, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत सहाशे. हे मी चाळीस वर्षे मुलांना शिकवले आहे. मी बोट पानावर ठेवले. अकराशे चाळीस. महिना कार्तिक. म्हणजे पाचशे नव्याण्णव.

सतराशे एकोणचाळीस.

मी सहाशे मिळवले होते. त्या आठवड्यात माझ्यासमोर माघ-फाल्गुनाच्या कागदांचा ढीग होता. दिवसभर सहाशे-सहाशे मिळवत होतो, आणि हा कार्तिकातला कागद आला तेव्हाही हात तसाच चालला. परवाना नोव्हेंबर १७३९ चा होता. जहाज धरण्याच्या तीन महिने आधीचा. बहिर्जीने सरकारचा कागद खिशात घालून, शत्रूचे जहाज, युद्ध चालू असताना धरले होते. त्याच्यात खोट नव्हती.

मी जंत्री उघडीच हातात घेतली. मग मी जोतीरामला हाक मारली.

"गुरुवारी ही जंत्री कुणी मागितली?"

"लालासाहेबांच्या भनीनं. मनुबाई. मीच काढून दिली. सतरा नंबरचा रुमाल बी मागितला, सोडून दिला, बांधला त्यांनीच. चार घंटं बसल्या हुत्या. दुपारी तुमी दारात आला, त्यांस्नी बघितलं आन् मागं फिरला की."

मला आठवले. पांढऱ्या लुगड्याचा पदर, वाकलेली मान. परकी बाई खोलीत एकटी आहे असे पाहून मी ओट्यावर जाऊन बसलो होतो.

"वहीत त्यांचं नाव का नाही?"

"तुमीच सांगितलंय न्हवं, बायका आल्या तर घरच्या पुरुषाचं नाव लिवायचं आन् म्होरं मंडळी म्हणून?"

"मग कालपासून मला सांगितलं का नाहीस, जोतीराम?"

त्याने जंत्री माझ्या हातातून घेतली आणि वरच्या फळीवर ठेवली.

"तुमी इचारलं कुठं?" तो म्हणाला.

खरेच होते. कालपासून मी सगळ्यांना प्रश्न विचारले होते, फक्त ज्याच्यावर संशय घेतला होता त्याला सोडून.

६

मनुबाईला तारखेचा संशय गुरुवारी अचानक आला नसणार. आला होता तर तिने तो कुणाला तरी कळवला असणार. कुणाला, हे कळायला मला खालचा खण उघडावा लागला.

तेवीस पाकिटे होती. चार एकाच हातची, गोल ठसठशीत अक्षराची, सारंगवाडीच्या टपालाची. सर्वांत जुन्यावर जून १९३८ चा शिक्का होता. मी ते सुरीने फोडले.

"रा. रा. मास्तर यांस, यशवंतराव सारंगे यांची मुलगी मनुबाई हिचा नमस्कार. मला वडिलांनी मोडी शिकवली आहे. आमच्याकडे परवान्याची नक्कल आहे. त्यात कार्तिक महिना आहे. साल मृगात बदलते, तेव्हा आपण धरलेले साल एकाने पुढे गेले असे वाटते. मी अडाणी बाई, माझेच चुकत असेल. आमच्याजवळ जंत्री नाही. आपण एकदा पाहून कळवावे. जत्रेच्या आधी कळले तर फार उपकार होतील. वडील जेवत नाहीत."

जत्रा त्यानंतर आठ महिन्यांनी होती. यशवंतराव त्यानंतर दोन महिने जगले.

उरलेली तीन मी त्याच बैठकीत फोडली. मधल्या दोहोंत पावतीप्रमाणे परवाना परत मागितला होता. शेवटचे मागच्या दिवाळीचे. त्यात एवढेच होते की आपले पुस्तक निघणार असे वर्तमानपत्रात वाचले, निदान पुस्तकात तरी तसे घालू नका.

चाळीस वर्षे मी जुनी पत्रे वाचून माणसे समजून घेत आलो. मेलेल्यांची सगळी पत्रे वाचली.

७

रविवारी कोळशावर चालणारी मोटार आणि पुढे छकडा, असे करत मी दुपारी सारंगवाडीला पोचलो. मनुबाई सोप्यात ज्वारी निवडत होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या. मला पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवले आणि कोनाड्यातून कापडाची घडी आणून माझ्यासमोर ठेवली. मी उघडली नाही.

"वळखलंत?" त्या म्हणाल्या. "गुरुवारी तुमी आत आला आसता तर तितंच बोलले आसते. हिशेब मांडून ठिवला हुता. तुमी मागं फिरला. मला वाटलं, ह्या माणसाला ठावं हाय आन् तोंड चुकवतोय."

"मला ठाऊक नव्हतं. मी तुमची पत्रं... मी ती फोडलीच नव्हती. काल फोडली."

त्यांनी जमिनीवर सांडलेले ज्वारीचे दाणे वेचले.

"चारी?"

"चारी."

"सात वरसं मी म्हणत हुते, मास्तर वाचून गप बसला, म्हंजी माजंच चुकलं आसंल. आण्णाला तेच सांगत हुते. आण्णा, मास्तर इद्वान हाय, त्यो बघून सांगंल. आण्णा रोज इचारायचा, टपाल आलं का."

मी म्हणालो की पुस्तक थांबवतो, दुरुस्ती छापतो, मासिकात माफी लिहितो.

"गावात मासिक कोण वाचतंय? तुमी छापलं कुठं हुतं? तुमी तोंडानं बोलला हुता. तसंच तोंडानं बोला. येत्या रईवारी जत्रा हाय. देवळाम्होरं."

"मला... लोकांपुढे मला..."

"तवा जमलं हुतं," मनुबाई म्हणाल्या, आणि सूप पुन्हा पुढे ओढले. "कागद न्या. मी चोरला न्हाई. पावती हाय आमच्याकडं, मागाल तवा परत. मागून कुणी देत नव्हतं म्हणून आणला."

८

सोमवारी साडेनऊला मी परवाना मानसिंगरावांच्या पुढ्यात ठेवला.

"सापडला? तुम्हीच कुठं इकडंतिकडं ठेवला होता वाटतं."

हो म्हटले असते तर तेवढ्यावर भागले असते. पण मी सगळे सांगितले: जंत्री, पाकिटे, यशवंतराव. ते ऐकत राहिले आणि शेवटी फक्त म्हणाले, "फोटोग्राफरला परत पाठवा."

जोतीराम रुमाल झटकत होता. मी किल्ली त्याच्यापुढे धरली.

"जोतीराम, शुक्रवारी मी मानसिंगरावांना तुझ्याबद्दल..."

"ठावं हाय. झाडत हुतो की ओट्यावर." त्याने किल्ली घेतली नाही. "जावयाला त्याच दिशी निरोप धाडला, जागा बदल म्हणून. ताप हुता त्याला. तापातच गेला पायी."

"आता कसा आहे?"

"आजून कळलं न्हाई."

मी किल्ली परत खिशात ठेवली. मग त्याला जत्रेचे सांगितले, कारण दुसरे कुणी सांगण्यासारखे नव्हते. त्याने रुमालाची गाठ घातली.

"तुमचा आवाज पाच हातांपल्याड जात न्हाई," तो म्हणाला. "मी येतो."

माघी पुनवेला सारंगवाडीच्या देवळापुढे हजारभर माणसे होती. गलबत चौरंगावर ठेवलेले, गुलालाने लाल झालेले. पंचांनी मला पायरीवर उभे केले. लालासाहेब हाताची घडी घालून बाजूला, मनुबाई बायकांत. मी चिठ्ठीवर लिहून आणले होते, पण लोकांपुढे उभा राहिल्यावर चिठ्ठीतली ओळ सापडेना.

मी म्हणालो, "मी सात वर्षांपूर्वी विश्रामबागेत एक भाषण केलं."

"ऐकू येत न्हाई," मागून कोणी ओरडले.

जोतीराम माझ्या शेजारी येऊन ताठ उभा राहिला आणि पलटणीच्या कवायतीत घालतात तसल्या आवाजात त्याने ते वाक्य पुन्हा म्हटले. मग मी हळू बोलायचो आणि तो मोठ्याने सांगायचा.

"मास्तर म्हणत्यात, साल लावताना चूक झाली. परवाना आदी हाय, जहाज मागनं धरलं."

"मास्तर म्हणत्यात, बहिर्जी सारंगे चोर नव्हता. सरकारच्या हुकमानं लढला."

"मास्तर म्हणत्यात, मनुबाईनं चार पत्रं लिवून चूक दावली हुती. मास्तरांनी ती फोडली न्हाईत. फोडली आसती तर यशवंतरावांचा मान ऱ्हायला आसता."

एक म्हातारा पंच उठला, गलबताशी गेला आणि लालासाहेबाकडे पाहून मागे सरकला. लालासाहेब पुढे आला. पण त्याने गलबताला हात लावला नाही. वळून मनुबाईंना म्हणाला, "ये. तू उचल."

बायकांत कुजबुज झाली. मनुबाई आल्या. त्यांनी गलबत उचलले तेव्हा गुलाल त्यांच्या पांढऱ्या लुगड्यावर सांडला आणि कोणी अडवले नाही.

माझे काम झाले होते, खाली उतरता आले असते. पण मी जोतीरामला हळूच आणखी एक वाक्य सांगितले. त्याने ते पुढे सांगितले नाही. लोक आमच्याकडे बघत होते. मी पुन्हा सांगितले.

"हे मी न्हाई सांगायचा," तो समोर बघत म्हणाला. "हे तुमचं तुमी सांगा."

मी चिठ्ठी खिशात घातली.

"आणि कागद हरवला तेव्हा," मी म्हणालो, "काही न विचारता मी या जोतीरामला चोर ठरवलं."

"काय म्हणला?" मागून आवाज आला.

मी पुन्हा म्हणालो. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतक्या मोठ्याने बोललो नव्हतो. देवळाच्या भिंतीवरून ते वाक्य माझ्याकडेच परत आले.

"आलं ऐकू," मागचा माणूस म्हणाला.

पालखी नदीकडे निघाली. जोतीरामने माझ्यापुढे हात पसरला. मी किल्ली त्याच्या तळव्यावर ठेवली, आणि तो मला मागे टाकून गर्दीत शिरला.